तयार जिलेटिन झायमोग्राम संच: एन्झाइम छान दिसतं, निरोधकाची बाजू स्वतः शोधावी लागते

आधी निकाल सांगते. जिलेटिन मिसळलेल्या जेलवर नमुन्यातली जिलेटिन कापणारी एन्झाइम्स पट्ट्यांच्या रूपात दाखवणारा हा संच चांगला आहे, जरूर घ्यावा. फक्त त्याच्या माहितीपत्रकातलं एक वाक्य पेनाने खोडावं आणि मगच खोकं फ्रिजमध्ये ठेवावं. या जेलवर नमुन्यातली एमएमपींची (पेशींभोवतालचं जाळं कापणाऱ्या एन्झाइम्सची) ‘निव्वळ सक्रियता’, म्हणजे निरोधकांनी रोखल्यावर उरलेली सक्रियता दिसते, असं ते वाक्य सांगतं. तशी ती दिसत नाही. जे दिसतं ते फार कामाचं आहे, पण ते निव्वळ नाही. हा फरक ध्यानात घेतला नाही, तर नव्या केशवाहिन्या का फुटल्या आणि का थांबल्या याबद्दल अगदी उलटा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहिते आहे.

मी पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत तांत्रिक काम बघते. एंडोथेलियल पेशी, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढवायच्या, त्यांना व्हीईजीएफ (वाहिन्या वाढवणारा एक वाढघटक) किंवा दुसरं काही देऊन बघायचं, त्यांचं मीडियम, म्हणजे त्या ज्यात वाढतात तो द्रव, गोळा करायचं आणि त्यात कोणती एन्झाइम्स उतरली आहेत ते तपासायचं, हे माझं रोजचं काम. बरीच वर्षं आम्ही जेल स्वतःच ओतत होतो. आता तयार संच वापरतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं या प्रकारच्या कुठल्याही संचाला लागू पडतं.

संच कशासाठी हवा, ते थोडक्यात. नवी केशवाहिनी जुन्या वाहिनीच्या भिंतीतून फुटते. त्या भिंतीला बाहेरून एक पातळ आवरण असतं, बेसमेंट मेम्ब्रेन. त्यात मुख्यतः लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचं कोलॅजन. अस्तरातल्या पेशीला बाहेर पडायचं तर हे आवरण आणि त्यापलीकडचं कोलॅजनचं जाळं कापावंच लागतं. हे कापायचं काम करणाऱ्या एन्झाइम्समध्ये मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज, म्हणजेच एमएमपी, हे मोठं कुटुंब आहे. माणसात ती २३ आहेत आणि प्रत्येकाच्या क्रियास्थानी जस्ताचा अणू असतो. या कुटुंबातलं पहिलं एन्झाइम जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी १९६२ मध्ये दाखवलं, तेही बेडकाच्या पिल्लाची शेपूट विरघळताना. त्यांना आवरणारे नैसर्गिक निरोधक चार, टिम्प-१ ते टिम्प-४. एक टिम्प रेणू एका एमएमपी रेणूला धरतो, हिशोब एकास एक. म्हणून कुठल्याही ऊतीत खरा प्रश्न असा की कोण किती आहे आणि कोणाच्या हातात कोण आहे. नवी वाहिनी फुटणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. ट्यूमरला १-२ मिलीमीटरच्या पुढे वाढायचं तर स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून आणाव्या लागतात, हा विचार ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला, आणि तेव्हापासून या तोलाकडे औषधांच्या नजरेनेही बघितलं जाऊ लागलं.

आता संचाकडे. १० टक्के ॲक्रिलामाइडची, ०.१ टक्का जिलेटिन आतच मिसळलेली तयार जेल, नमुन्यासाठी बफर, रिनॅचरिंग बफर, डेव्हलपिंग बफर आणि रंग. जेल ४ अंशांवर ठेवायची, गोठवायची अजिबात नाही. वेष्टन चांगलं आहे. फटीत बुडबुडे नसतात, विहिरींच्या कडा सरळ असतात आणि कंगवा काढताना भिंती वाकत नाहीत. स्वतः ओतलेल्या जेलमध्ये जिलेटिन सगळीकडे सारखं पसरलंय की नाही याची कायम धाकधूक असायची. एका बाजूला पार्श्वभूमी गडद, दुसऱ्या बाजूला फिकी, आणि मग बँडची तुलना करणार कशाशी? तयार जेलमध्ये निळी पार्श्वभूमी काठापासून काठापर्यंत एकसारखी येते. नुसत्या या एका कारणासाठीसुद्धा मी संच घेईन.

करायचं काय ते साधं आहे, पण दोन जागी पाय घसरतो. पहिली जागा नमुना तयार करण्याची. नेहमीच्या प्रोटीन जेलची सवय हातात बसलेली असते, त्यामुळे नमुना उकळायचा आणि त्यात मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी घालायचं असं आपोआप होतं. इथे दोन्ही वर्ज्य. उकळलं की एन्झाइम कायमचं बिघडतं, आणि डायसल्फाइड बंध तुटले की ते पुन्हा नीट घडी घालू शकत नाही. याचाच पुढचा भाग माहितीपत्रकात नाही, तो मी सांगते. मार्करमध्येही (वजन ओळखण्यासाठी एका लेनमध्ये लावलेल्या माहीत असलेल्या प्रथिनांच्या मिश्रणातही) बहुतेकदा डीटीटी असतं आणि ते शेजारच्या लेनमध्ये झिरपतं. मार्करच्या बाजूची एक विहीर नुसत्या बफरने भरून सोडावी. ती लेन वाया गेली असं वाटतं, पण शेजारचा बँड विनाकारण फिका दिसण्यापेक्षा ते बरं.

दुसरी जागा मीडियमची. पेशींना वाढवताना जे गाईचं सीरम घालतो, त्यात स्वतःची एमएमपी-२ आणि एमएमपी-९ भरपूर असतात. ते धुऊन टाकून, सीरमविरहित मीडियममध्ये पेशी ठेवून मगच नमुना घ्यायचा. माणसाच्या रक्ताचे नमुने असतील तर सीरम आणि प्लाझ्मा एकाच जेलवर शेजारी लावून तुलना करू नये. रक्त गोठताना पांढऱ्या पेशींमधून एमएमपी-९ बाहेर पडतं, त्यामुळे सीरममधला बँड फुगलेला येतो आणि त्याचा रोगाशी काही संबंध नसतो.

रन १२५ व्होल्टवर दीडेक तास. टाकीभोवती बर्फ असेल तर बँड सरळ राहतात. मग जेल काढून ट्रायटन एक्स-१०० मध्ये दोनदा धुवायची, प्रत्येकी अर्धा तास. हा टप्पा घाईत उरकू नये, कारण प्रथिनांना उलगडून ठेवणारं एसडीएस हे डिटर्जंट जेलमधून इथेच निघून जातं आणि उलगडलेलं एन्झाइम पुन्हा घडी घालून उभं राहतं. नंतर कॅल्शियम आणि थोडं जस्त असलेल्या बफरमध्ये ३७ अंशांवर रात्रभर. रात्रीत प्रत्येक एन्झाइम आपापल्या जागी बसून आजूबाजूचं जिलेटिन खातं. सकाळी कुमासी ब्लूने रंगवायचं, रंग उतरवायचा. जिथे जिलेटिन शिल्लक आहे तिथे निळं, जिथे खाल्लं गेलं तिथे पारदर्शक.

रंग उतरवताना जेलपाशी उभं राहावं. सुरुवातीला सगळी जेल एकजात गडद निळी असते. थोड्या वेळाने ७२ किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं एकक) च्या आसपास एक आडवी, कडा थोड्या मऊ असलेली पट्टी उजळू लागते. ती प्रो-एमएमपी-२, म्हणजे एमएमपी-२ चं अजून न कापलेलं, निष्क्रिय रूप; एंडोथेलियल पेशींच्या मीडियममध्ये ती जवळपास नेहमीच असते. तिच्या लगेच खाली, ६२ ते ६४ च्या सुमारास, एखादी बारीक रेघ दिसते का ते बघायचं. ती सक्रिय एमएमपी-२. वर ९२ च्या जागी प्रो-एमएमपी-९. पेशींना पीएमए हे उत्तेजक रसायन दिलं असेल तर ती ठळक येते, नाहीतर बऱ्याचदा दिसतही नाही. नमुन्यात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतील तर त्याच्याही वर १२५-१३० च्या आसपास आणखी एक पट्टी येते. ते एमएमपी-९ आणि लिपोकॅलिन हे प्रथिन यांचं एकत्र बांधलेलं रूप. या सगळ्या पट्ट्या एकाच लेनमध्ये, एकाखाली एक, वजनाप्रमाणे वेगळ्या झालेल्या. हे बघण्यासारखं असतं, आणि अँटिबॉडीवर आधारलेल्या साध्या चाचणीत इतकं एका नजरेत मिळत नाही. संवेदनशीलताही मोठी आहे, पिकोग्रॅमच्या पातळीपर्यंत. आकडे मात्र अंदाजे धरावेत. जेलमधलं जिलेटिन एन्झाइमला थोडं अडवतं, शिवाय नमुना रिड्यूस केलेला नसतो, त्यामुळे मार्करवरचं वजन तंतोतंत जुळत नाही. एचटी-१०८० या कर्करोगाच्या पेशींचं मीडियम एका लेनमध्ये लावलं की दोन्ही जिलेटिनेज, म्हणजे एमएमपी-२ आणि एमएमपी-९, कुठे येतात ते कळतं आणि मार्करवर फारसं विसंबावं लागत नाही. संचात हा नमुना मिळत नाही. मिळायला हवा होता.

आता मूळ मुद्दा.

एमएमपी पेशीतून बाहेर पडते ती बहुतेक वेळा निष्क्रिय रूपात. तिच्या पुढच्या टोकाला एक तुकडा असतो, त्यातला एक सिस्टीन क्रियास्थानातल्या जस्ताला धरून बसतो. बाटलीच्या तोंडात बूच घट्ट बसावं तसं. शरीरात हे बूच दुसरं एखादं एन्झाइम कापून काढतं, तेव्हा कुठे एमएमपी कामाला लागते. जेलमध्ये मात्र एसडीएसने रेणू उलगडला की बूच आपोआप सुटतं, तुकडा जागच्या जागी असूनही. म्हणून ७२ ची पट्टी जेलवर जिलेटिन खाते, पण ऊतीत तिने काहीही खाल्लेलं नसण्याची शक्यता पूर्ण असते.

तेच निरोधकाचं. टिम्प एमएमपीला घट्ट धरतो, पण ही पकड रासायनिक बंधाची नसते. एसडीएसमध्ये दोघं वेगळे होतात. एमएमपी ६२ वर जाते, टिम्प २१ किंवा २८ वर खाली निघून जातो, आणि रात्रभर एन्झाइम एकटंच, बिनअडथळा काम करतं. मूळ नमुन्यात ते शंभर टक्के टिम्पच्या कह्यात होतं, तरी जेलवर पट्टी चकचकीत. थोडक्यात, ही चाचणी एन्झाइम किती आहे आणि त्यातलं किती कापलं गेलेल्या रूपात आहे हे सांगते. त्याला कोणी रोखून धरलं होतं का, हे ती मुळातच सांगू शकत नाही, कारण रोखणाऱ्याला तिने आधीच बाजूला केलेलं असतं. आता सांगा, ‘निव्वळ सक्रियता’ हा शब्द इथे कसा बसणार?

प्रयोगशाळेतली मुलं विचारतात, “ताई, मग हे करायचंच कशाला?” करायचं, कारण ७२ पासून ६२ पर्यंतची ती उतरण फार बोलकी असते. प्रो-एमएमपी-२ ला कापणारं मुख्य एन्झाइम पेशीच्या पडद्यावर असतं, एमटी१-एमएमपी म्हणजे एमएमपी-१४. ते १९९४ मध्ये ओळखलं गेलं. मीडियममध्ये ते स्वतः सहसा सापडत नाही, त्यामुळे जेलवर त्याची स्वतंत्र पट्टी बघायला मिळेलच असं नाही. पण त्याने केलेलं काम दिसतं. पेशींना कॉन्कॅनव्हॅलिन ए हे वनस्पतीतलं प्रथिन दिलं की ७२ फिकी होते आणि ६२ ठळक. पडद्यावर एमटी१-एमएमपी वाढलं आहे, याची ती पावती.

आणि इथे टिम्प-२ ची गोष्ट आल्याशिवाय राहत नाही. टिम्प-२ हा एमटी१-एमएमपीचा निरोधक, हे खरं. पण तोच प्रो-एमएमपी-२ ला पडद्यापर्यंत आणून बांधणारा दुवाही आहे. एका टोकाने तो एका एमटी१-एमएमपीला पकडतो, दुसऱ्या टोकाला प्रो-एमएमपी-२ लटकतं, आणि शेजारचं मोकळं एमटी१-एमएमपी ते कापतं. टिम्प-२ थोडा असेल तर एमएमपी-२ सक्रिय होते. तो वाढत गेला की शेजारी मोकळं एमटी१-एमएमपी उरतच नाही आणि सगळं ठप्प होतं. म्हणजे निरोधक वाढला म्हणून एन्झाइम कमी झालं, हे सरळ गणित इथे चालत नाही. प्रमाण बघावं लागतं, आणि कोणता निरोधक आहे तेही बघावं लागतं. टिम्प-१ एमटी१-एमएमपीला जेमतेमच रोखतो.

आमच्याकडे हे फार स्पष्ट दिसलं. कोलॅजनच्या जेलमध्ये एंडोथेलियल पेशी ठेवून त्यांच्यातून फुटवे काढायचा प्रयोग चालू होता. एका गटाच्या बशांत टिम्प-१ घातला, दुसऱ्या गटाच्या बशांत टिम्प-२. टिम्प-१ असलेल्या बशीत फुटवे जवळपास तसेच, टिम्प-२ असलेल्या बशीत पेशी गोल होऊन जागच्या जागी. दोन्हींच्या मीडियमची झायमोग्राम शेजारी ठेवली तर वरवर बघणाऱ्याला फारसा फरक कळला नसता. ७२ ची पट्टी दोन्हीकडे जाड. फक्त ६२ ची रेघ टिम्प-२ च्या लेनमध्ये गायब होती. पट्टीच्या जाडीवर निकाल लावला असता तर दोन्ही निरोधक निकामी, असं वहीत लिहिलं गेलं असतं. या जेलवर लक्ष उतरणीवर ठेवायचं असतं ते यासाठी.

निरोधकाची बाजू बघायची तर त्याच कंपनीची दुसरी जेल येते, रिव्हर्स झायमोग्राफीसाठी. इथे जिलेटिनबरोबर एमएमपीही जेलमध्ये मिसळलेली असते. रात्रभरात ती सगळीकडचं जिलेटिन खाते, फक्त जिथे टिम्प बसला आहे तिथलं शिल्लक राहतं. त्यामुळे चित्र उलट, पारदर्शक जेलवर निळ्या पट्ट्या. २१ ला टिम्प-२, २८ ला टिम्प-१, आणि मध्ये टिम्प-३ त्याच्या साखरेच्या शेपटांनुसार २४ किंवा २७ ला. कल्पना सुंदर आहे. जेल मात्र पहिलीइतकी भरवशाची नाही. एका खेपेच्या जेलमध्ये पार्श्वभूमी पुरती पारदर्शक होते, दुसऱ्या खेपेत निळसर धुकं राहतं आणि टिम्प-३ ची पट्टी त्यात हरवून जाते. मी पुरवठादाराला फोटो पाठवून कळवलं होतं. उत्तर आलं ते वेळ वाढवून बघा इतकंच. वेळ वाढवल्याने धुकं कमी होतं खरं, पण टिम्पच्या पट्ट्यांच्या कडाही खाल्ल्या जातात. शिवाय एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. जेलवरची प्रत्येक निळी पट्टी टिम्पच असेल असं नाही. नमुन्यात एखादं प्रथिन भरपूर असेल तर ते नुसत्या कुमासीनेही निळं दिसतं. त्यासाठी एमएमपी न घातलेली साधी जेल समांतर चालवावी लागते आणि ती संचात नसते.

टिम्प-३ बद्दल जरा थांबते, कारण वाहिन्यांच्या बाबतीत मला तो चौघांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाकीचे टिम्प द्रवात मोकळे फिरतात, हा पेशीबाहेरच्या जाळ्याला चिकटून राहतो. म्हणून मीडियम गोळा करून जेलवर लावलं आणि टिम्प-३ दिसला नाही, तर पेशी तो बनवत नाहीत असं मुळीच म्हणता येत नाही. पेशी खरवडून काढल्यावर बशीला जे चिकटून राहतं, त्याचा अर्क लावावा लागतो. हा निरोधक एमएमपींना तर धरतोच, पण व्हीईजीएफला पेशीवरच्या त्याच्या दुसऱ्या ग्राहीशी (रिसेप्टरशी), व्हीईजीएफआर-२ शी, जुळू देत नाही. हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. हे काम एन्झाइम रोखण्याच्या कामापेक्षा वेगळं आहे. त्याच्या जनुकातले बदल सॉर्सबी फंडस डिस्ट्रॉफी या डोळ्याच्या आनुवंशिक आजाराला कारण होतात, हे १९९४ मध्ये कळलं. त्या आजारात मध्यम वयात दृष्टिपटलाखाली नको त्या वाहिन्या वाढू लागतात. एक निरोधक बिघडला तर काय होतं, याचं याहून थेट उदाहरण मला माहीत नाही. माहितीपत्रकात या निरोधकाचा एका ओळीत उल्लेख आहे आणि नमुना कसा घ्यायचा याबद्दल अक्षरही नाही. ही मोठी उणीव आहे.

ज्यांना प्लास्मिनच्या, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या दुसऱ्या एका एन्झाइमच्या, बाजूचं काम आहे, त्यांच्यासाठी हा संच नाही हेही सांगून टाकते. प्लास्मिनोजेनला प्लास्मिन करणारं युपीए आणि त्याला रोखणारा पीएआय-१, ही जोडीसुद्धा वाहिन्यांच्या वाढीत तितकीच गुंतलेली आहे. त्यासाठी प्लास्मिनोजेन आणि केसीन घातलेली वेगळी जेल लागते. गंमत अशी की ह्यूसेन आणि डाउडल यांनी १९८० मध्ये ही जेलची युक्ती काढली ती प्लास्मिनोजेन ॲक्टिवेटर बघण्यासाठीच. पीएआय-१ ची पकड टिम्पसारखी नसते. तो युपीएशी पक्क्या रासायनिक बंधाने जोडला जातो आणि ती जोडी एसडीएसमध्येही सुटत नाही. तिथले निष्कर्ष त्यामुळे वेगळ्या पद्धतीने वाचावे लागतात. आणि त्याचंही वागणं सरळ नाही. पीएआय-१ नसलेल्या उंदरांमध्ये ट्यूमरला वाहिन्या जास्त मिळतील असं कोणालाही वाटेल. १९९८ मध्ये प्रत्यक्षात उलट आढळलं, वाहिन्या आत शिरल्याच नाहीत. पेशीच्या भोवतालचं जाळं गरजेपेक्षा जास्त विरघळलं, तर नव्या वाहिनीला पुढे सरकायला आधारच उरत नाही.

मी या संचाच्या एका वाक्यावर इतकी अडून का बसले आहे, असं कोणाला वाटेल. त्याचं कारण औषधांच्या इतिहासात आहे. १९९० च्या दशकात मारिमास्टॅटसारखी एमएमपी निरोधक औषधं कर्करोगाच्या रुग्णांवर मोठ्या चाचण्यांमध्ये दिली गेली. विचार सरळ होता, एन्झाइम जास्त म्हणजे वाहिन्या जास्त, तर एन्झाइम बंद करा. चाचण्या बहुतांशी अपयशी ठरल्या. रुग्णांचे सांधे आणि स्नायू दुखू लागले, ते इतके की डोस कमी करावा लागे. पुढे कळत गेलं की हीच एन्झाइम्स वाहिन्या थांबवणारे तुकडेही तयार करतात. प्लास्मिनोजेनचा एक तुकडा म्हणजे अँजिओस्टॅटिन, १९९४ मध्ये सापडलेला, आणि तो कापून काढणाऱ्यांत एमएमपी-१२ आहे. चौथ्या कोलॅजनमधून ट्यूमस्टॅटिन सुटतं ते एमएमपी-९ मुळे. एमएमपी-९ नसलेल्या उंदरांत ट्यूमस्टॅटिन कमी आणि ट्यूमर अधिक वेगाने वाढलेला, हे २००३ चं काम. आणि तरीही २००० मध्ये दाखवलं गेलं होतं की स्वादुपिंडाच्या ट्यूमरमध्ये जाळ्यात अडकलेलं व्हीईजीएफ मोकळं करून वाहिन्यांची सुरुवात करून देतं तेही एमएमपी-९ च. एकच एन्झाइम, दोन विरुद्ध कामं, वेळ आणि जागा वेगळी. अशा विषयात ९२ ला जाड पट्टी दिसली म्हणून ‘वाहिन्या वाढवणारी सक्रियता वाढली’ असं लिहिणं मला धोक्याचं वाटतं. एमएमपी रोखण्यासाठी म्हणून अमेरिकेत मान्यता मिळालेलं औषध आहे ते डॉक्सिसायक्लिनचा २० मिलीग्रॅमचा छोटा डोस, आणि तेही हिरड्यांच्या आजारासाठी.

मग पूर्ण चित्र हवं असेल तर? माझ्या मते ही जेल एकटी कधीच वापरू नये. तिच्या जोडीला पेशी खरोखर काय करतात ते दाखवणारी एक चाचणी हवी. बेसमेंट मेम्ब्रेनच्या अर्कावर एंडोथेलियल पेशी टाकून काही तासांत नळ्यांचं जाळं बघायचं, ही सगळ्यांत झटपट होणारी. तो अर्क उंदराच्या ईएचएस ट्यूमरपासून काढलेला असतो आणि वाढघटक कमी केलेला प्रकारच घ्यावा, कारण साध्या प्रकारात पेशी काही न देताही जाळं विणतात. पण एन्झाइम आणि निरोधकांचा प्रश्न असेल तर मी कोलॅजनमधले फुटवे किंवा महाधमनीच्या कड्यांची चाचणी निवडेन. बेसमेंट मेम्ब्रेनवर पेशी मुख्यतः पृष्ठभागावरून सरकतात, त्यांना फारसं कापावं लागत नाही. कोलॅजनमध्ये वाट काढायची तर कापल्याशिवाय गत्यंतर नाही.

नियंत्रण लेन्स तरी कोणी टाळू नयेत. जेलचा एक तुकडा कापून डेव्हलपिंग बफरमध्ये १० मिलिमोलर ईडीटीए (धातूला पकडून ठेवणारं रसायन) घालून ठेवावा. पट्ट्या गेल्या तर त्या धातूवर चालणाऱ्या एन्झाइमच्या, राहिल्या तर दुसऱ्याच कोणाच्या. सेरीन प्रोटिएज हे धातूशिवाय चालणारं एन्झाइमचं दुसरं कुटुंब; तीही जिलेटिन खातात, त्यांना ईडीटीए रोखत नाही. संचात यासाठी छोटी बाटली दिली असती तर नवीन मुलांनी हे न विसरता केलं असतं.

मोजमापाबद्दल एवढंच, की पट्टी एका मर्यादेनंतर आणखी पारदर्शक होऊ शकत नाही. जिलेटिन संपलं की संपलं. म्हणून प्रत्येक नमुना दोन-तीन वेगवेगळ्या प्रमाणांत पातळ करून लावावा आणि जिथे पट्टीची तीव्रता नमुन्याबरोबर बदलते आहे तेवढीच आकडेवारी धरावी. माहितीपत्रकातल्या नमुना चित्रात सगळ्या पट्ट्या पार पांढऱ्या आहेत. दिसायला छान, पण त्यावरून काही मोजता येणार नाही.

कोणी घ्यावा? ज्यांना जिलेटिनेजची रूपं एका लेनमध्ये वेगळी बघायची आहेत, विशेषतः एमएमपी-२ सक्रिय होते आहे का हा प्रश्न आहे, त्यांनी नि:शंक घ्यावा. ज्यांना ऊतीत त्या क्षणी खरोखर किती कापलं जातं आहे हे हवं आहे, त्यांनी कापल्यावर चमकणाऱ्या जिलेटिनने ताज्या ऊतीच्या कापांवर जागच्या जागी होणारी झायमोग्राफी करावी. तिथे एसडीएस नसतं, त्यामुळे टिम्प आपल्या जागी राहतो. आणि ज्यांना निरोधक मोजायचे आहेत त्यांनी रिव्हर्स जेल मागवताना एकाच खेपेच्या जेल पुरेशा संख्येने घ्याव्यात, म्हणजे एका प्रयोगातले नमुने दोन वेगवेगळ्या धुक्यांत विभागले जाणार नाहीत. पहिल्या जेलला मी पाचपैकी साडेचार देते, रिव्हर्स जेलला तीन. माहितीपत्रक दुरुस्त होऊन त्यात टिम्प-३ साठी अर्क काढायची कृती आली, तर तीनाचे साडेतीन करीन.